फियाट आणि पद्मिनी सांभाळणाऱ्यांसाठी: सदस्यत्व, प्रदर्शने आणि घरच्या घरी दुरुस्ती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील आमच्या लहानशा मंडळाकडे गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायद्याविषयीची माहिती केंद्रीय नियमांवर आधारलेली आहे. शुल्काचे आकडे मात्र बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ते आपल्या आरटीओमध्ये विचारून घ्यावेत.

मंडळ कोणत्या गाड्यांसाठी आहे?

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० या मालिकेतील सर्व गाड्या आम्ही आपल्या मानतो. १९५४ पासूनची, गोलसर नाकाची आणि आपल्याकडे सर्वत्र ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी गाडी, तिच्यानंतरच्या ‘सिलेक्ट’ आणि ‘सुपर सिलेक्ट’, १९६४ ची ११०० डी म्हणजेच ‘डिलाइट’, थोडा काळ टिकलेले ‘प्रेसिडेंट’ हे नाव आणि १९७४ पासून शेवटपर्यंत चाललेली ‘पद्मिनी’ या सगळ्या एकाच घरातल्या बहिणी आहेत. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन हा त्यांना जोडणारा धागा आहे आणि म्हणूनच एका गाडीवर शिकलेली गोष्ट दुसरीवर उपयोगी पडते. अ‍ॅम्बॅसेडर किंवा स्टँडर्ड हेरल्ड असलेल्यांनाही आम्ही नाही म्हणत नाही, परंतु आमच्याकडील हत्यारे, सुटे भाग आणि अनुभव हे प्रामुख्याने फियाटचे आहेत, हे लक्षात घेऊन त्यांनी यावे.

माझी पद्मिनी ‘विंटेज’ की ‘क्लासिक’?

हे शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरले जातात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. ब्रिटनमधील मोटारप्रेमींच्या जुन्या परंपरेत ‘विंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील गाडी. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लेखी किमान तीस वर्षे जुने आणि मूळ स्वरूपात जपलेले वाहन ऐतिहासिक ठरते. भारतीय कायद्यात मात्र, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी अथवा चारचाकी वाहन ‘विंटेज’ मानले जाते. याचा अर्थ असा की, अगदी सुरुवातीच्या काही पद्मिनी सोडल्या, तर बहुतेक पद्मिनी अजून कायद्याने विंटेज नाहीत. प्रदर्शनात त्यांना ‘क्लासिक’ म्हटले जाते, परंतु त्या शब्दामुळे आरटीओमध्ये कोणतीही सवलत मिळत नाही.

गाडी पन्नास वर्षांची झाली आहे. ‘व्हीए’ क्रमांक घ्यावा का?

आधी गाडीचा वापर ठरवावा. नव्या विंटेज नोंदणीसाठी नियमांत २०,००० रुपये आणि पुढील नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क ठरवले गेले, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. नव्याने दिल्या जाणाऱ्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो, आणि ज्यांच्याकडे १९८९ पूर्वीचा तीन अक्षरांचा जुना क्रमांक आहे, त्यांनी तो कोणत्याही परिस्थितीत सोडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तो क्रमांक हाच गाडीच्या इतिहासाचा सर्वांत सोपा पुरावा असतो.

या नोंदणीसोबत एक मोठे बंधनही येते. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते. आपण रविवारी आईला घेऊन मंडईत जाणार असाल, तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करत राहणे हाच योग्य मार्ग आहे. त्याचे शुल्क वाढले आहे याची जाणीव आम्हाला आहे. तरीही जी गाडी चालते तीच टिकते, असा आमचा अनुभव असल्यामुळे आम्ही बहुतेक सदस्यांना साध्या नोंदणीचाच सल्ला देतो.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत आणि गाडी दहा वर्षे वाड्यात उभी आहे. सुरुवात कोठून करावी?

सुरुवात कागदांपासून करावी, पाना नंतर हातात घ्यावा. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात असंख्य घरांत हे राहून जाते. मुदत उलटली असेल तर दंड भरून प्रकरण मार्गी लागते, परंतु इतर वारसांची लेखी संमती आवश्यक असते आणि जितका उशीर होतो तितके सह्या करणारे लोक दूर जातात. आमच्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी ज्या अडकून पडल्या, त्या इंजिनामुळे नव्हे तर एका न मिळालेल्या सहीमुळे अडकल्या. आरसी बुक हरवले असेल तर दुय्यम प्रतीसाठीही चॅसी क्रमांक लागतो, म्हणून गंज खरवडून तो आधी वाचावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मगच आरटीओची पायरी चढावी.

त्यानंतर गाडी सुरू करण्याची घाई करू नये. दहा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारला, तर सिलिंडरच्या भिंतीवर धरलेला गंज पिस्टनच्या रिंगा खरवडून काढतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस तसेच ठेवावे आणि मग हाताने, हलकेच इंजिन फिरवून पाहावे. ते फिरले की जुने ऑइल आणि टाकीतील जुने पेट्रोल संपूर्ण काढून टाकावे. टाकीच्या तळाशी साचलेला गंज कार्बोरेटरमध्ये जाण्यापूर्वी टाकी उतरवून धुणे हे एका दिवसाचे काम आहे. ते टाळल्यास पुढचे सहा महिने जेट, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलची बारीक छिद्रे, साफ करण्यात जातात.

माझ्याकडे गाडी नाही. तरी सदस्य होता येईल का?

होय. आमच्यातील सर्वांत कुशल हातांपैकी काही हात असे आहेत, ज्यांच्या मालकीची एकही गाडी नाही. त्यांनी आयुष्यभर इतरांच्या फियाट दुरुस्त केल्या आहेत. विद्यार्थ्यांचेही स्वागत आहे. मतदानाच्या हक्कात आम्ही गाडीवाले आणि बिनगाडीवाले असा भेद करत नाही.

सदस्यत्वाने नेमके काय मिळते?

महिन्यातून एकदा सकाळी भेट, सामायिक हत्यारांचा वापर, आणि ज्याने ते काम आधी केले आहे अशा माणसाचा सल्ला. व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे हत्यार, कम्प्रेशन मोजण्याचे मीटर किंवा चाकाचा ड्रम ओढून काढणारा पुलर या वस्तू प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नसते, कारण त्या वर्षातून एकदाच लागतात. वर्गणीचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च होतो.

विमा कसा घ्यावा?

तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्याविना गाडी वाड्याबाहेरही काढू नये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना हे माहीत असावे की पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमित किंमत ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्यानुसार नव्हे, तर विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून छायाचित्रे, दुरुस्तीची बिले आणि जाणकाराचे मूल्यांकन सोबत न्यावे. ते नसेल तर भंगाराच्या भावाच्या जवळपासचा आकडा पुढे केला जातो.

विकत घेताना काय पाहावे?

इंजिन शेवटी पाहावे. इंजिन बांधता येते, परंतु पत्रा गेलेली गाडी पुन्हा उभी करणे फार खर्चिक असते. एक लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या कमानी आणि पायरीखालचा भाग यांवरून फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुटी, भरलेली आहे. पायाखालचे रबरी आच्छादन उचलून गाडीच्या तळाचा पत्रा पाहावा, बॅटरीच्या खालचा तवा पाहावा आणि डिकीत स्टेपनीखाली हात घालावा. किनारपट्टीवर, म्हणजे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्यात आयुष्य काढलेल्या गाडीबाबत हे सारे दुप्पट काळजीने करावे.

त्यानंतर चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. अनेक पद्मिनींमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवले गेले किंवा गॅसचा संच लावला गेला, आणि त्याची नोंद आरसीवर झालीच असेल असे नाही. नोंद नसलेला बदल हा विकणाऱ्याचा दोष असला, तरी व्यवहारानंतर त्याचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर येते.

कोणती कामे घरी करावीत आणि कोणती करू नयेत?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

ही गाडी माणसाने हाताने दुरुस्त करावी अशाच रीतीने बनवलेली आहे. बॉनेट उघडल्यावर प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो. ऑइल आणि फिल्टर बदलणे, प्लग साफ करून गॅप लावणे, डेल्कोमधील (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील) पॉइंट घासून बसवणे, कंडेन्सर आणि रोटर बदलणे, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणे, पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस भरणे आणि फॅनबेल्टचा ताण पाहणे ही कामे कोणीही काळजीपूर्वक माणूस दोन-तीन रविवारांत शिकू शकतो. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांवर चिकटपट्टी लावून क्रमांक टाकावेत. या इंजिनाचा प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की चांगले इंजिनही खोकू लागते. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावण्याचे, काम त्यानंतरच्या वर्षी, जाणकाराच्या शेजारी उभे राहून शिकावे.

गाडीखाली जाण्याची कामे वेगळ्या गटात मोडतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकेही घालू नये. गाडी टेकवण्याच्या दोन पक्क्या घोड्या (स्टँड), सपाट फरशी आणि उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे एवढे असेल तरच खाली जावे. हा नियम मोडणाऱ्या सदस्याला आम्ही त्या दिवशीचे काम थांबवायला लावतो, आणि त्याबद्दल कोणाची मर्जी सांभाळत नाही.

ब्रेकविषयी आमचे मत कठोर आहे. या गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने दाब पोचतो. आधुनिक गाडीत दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक गळला तरी दुसरा उरतो. येथे एका चाकाचे रबर फाटले, तरी पायाखालचा संपूर्ण ब्रेक जातो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः दिवेघाट उतरत असताना चाकांतून धूर येऊ लागला आणि पेडल दगडासारखे घट्ट झाले. आदल्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलच्या भांड्यात भलतेच खनिज तेल ओतले गेले होते. त्या तेलाने आतील रबरी वॉशर फुगले, सोडलेला ब्रेक सुटेनासा झाला आणि ड्रम तापत गेले. गाडी चढाच्या कडेला टेकवून थांबवता आली, हे नशीब. तेव्हापासून आम्ही सांगतो की ब्रेक ऑइल सीलबंद डबीतलेच आणि कारखान्याने सांगितलेल्या प्रकारचेच वापरावे, ते हवेतील ओलावा शोषते म्हणून दोन वर्षांनी संपूर्ण बदलावे, आणि ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढण्याचे काम दोन माणसांनी, पैकी एकाने ते किमान दहा वेळा केलेले असताना, करावे. नव्या सदस्याने पहिल्या वर्षी ब्रेकला एकट्याने हात लावू नये.

जुन्या ब्रेक-लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने किंवा कम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

उन्हाळ्यात, गर्दीत गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. दोष कोणता?

बहुधा व्हेपर लॉक. इंजिनाच्या बाजूला बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप आणि त्याच्या नळ्या तापल्या की आतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे वाफ तो ढकलू शकत नाही, आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी वर्षानुवर्षे पंपावर ओला फडका टाकून हाच प्रश्न सोडवला. तो उपाय आजही चालतो, परंतु तो घरी पोचण्यापुरता आहे. कायमच्या उपायासाठी नळी सायलेन्सरच्या बाजूपासून दूर वळवावी, पंप आणि इंजिन यांच्या मधला उष्णतारोधक ठोकळा जागेवर आहे की कोणी तरी काढून फेकला आहे ते पाहावे, आणि मुळात इंजिन जास्त का तापते ते शोधावे.

तापण्याचे कारण बहुतेक वेळा पाण्यात सापडते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिले की क्षार साचून नळ्या चोंदतात आणि अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्ले जाते. मग एखाद्या दुपारी गाडी उकळते, हेड वाकते आणि गॅस्केट जाते. हेडला फेसिंग करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग यंत्रावर घासून, ते सरळ होते, परंतु प्रत्येक फेसिंगला धातूचा एक थर कमी होतो आणि हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे. शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट आणि रेडिएटरचे चांगल्या स्प्रिंगचे झाकण यांचा खर्च त्यापुढे नगण्य आहे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे सांगून तो काढून टाकणारे कारागीर अजूनही भेटतात. त्यांचे ऐकू नये. इंजिन नेहमी थंड चालले तर ऑइल घट्ट राहते, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचे नुकसान होते का?

काळजी घेतली नाही तर होते. त्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचे गॅस्केट इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा त्यांचे कण सुटून जेटमध्ये अडकतात. इंजिनावर टपकणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण असल्यामुळे सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाच्या घालणे हे आम्ही प्रत्येक नव्या सदस्याचे पहिले काम मानतो. दुसरी गोष्ट अशी की इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी उतरते आणि पत्रा आतून गंजतो. तिसरी, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते आणि त्यात मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) इंजिन किंचित तापते. प्लगचे टोक पांढुरके दिसू लागले, तर मुख्य जेट एक पायरी मोठा करून पाहावा.

सुटे भाग कोठे मिळतात?

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्यात नाना पेठेत, आणि रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात अजूनही चांगली वस्तू हाती लागते. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोपर्यंत भागांचा व्यापार जिवंत होता. आता दुकानदार माल काढून टाकत आहेत, म्हणून व्हील सिलिंडरचे किट, पॉइंट, पंपाचे पडदे आणि हँड गिअरच्या सांध्यांचे बुश मिळतील तेव्हा दोन जोड घेऊन ठेवावेत. जे मिळतच नाही, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दिल्यास लेथवर उत्तम करून मिळते. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे घडवून घेऊ नयेत.

प्रदर्शनासाठी गाडी कशी तयार करावी? परीक्षक काय पाहतात?

भारतात या प्रथेला मोठा इतिहास आहे. दिल्लीतील ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राची रॅली १९६४ पासूनची आहे. परीक्षक चकाकी पाहतात, पण अस्सलपणा त्याहून अधिक पाहतात. कारखान्याने न दिलेला धातूचा चमकता रंग, रुंद टायर, नव्या पद्धतीचे स्टिअरिंग, पारदर्शक नळ्या आणि रंगीत वायरी यांनी गुण जातात. काचांवरील मूळ खुणा, योग्य कापडाचे आसन, जागेवर असलेले हत्यारांचे पुडके आणि पहिल्या सेल्फला सुरू होणारे इंजिन यांनी ते मिळतात. मूळ रंग थोडा विटलेला असला, तरी तो उखडून नवा देण्यापूर्वी आमच्याशी बोलावे. नवा रंग कधीही देता येतो, गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

काळ्या-पिवळ्या रंगाविषयी अनेकजण विचारतात. त्या रंगामागची माया आम्ही समजतो, परंतु गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि खाजगी गाडीला टॅक्सीसारखे रंगवून रस्त्यावर आणणे योग्य नाही. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय अशी गाडी आमच्या रांगेत उभी केली जाणार नाही.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी?

प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. त्याखाली घाम धरतो आणि पत्रा आठवड्यांत गंजतो. सुती आवरण घालावे, छप्पर मात्र पक्के असावे. हँडब्रेक ओढून ठेवल्यास लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सैल ठेवावा. टाकी भरलेली ठेवावी, दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे, कारण उंदरांना ती जागा आवडते. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडल्यावर, फडके काढून वीस मिनिटे गाडी प्रत्यक्ष चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालवल्याने सायलेन्सरमध्ये पाणीच साठते.

दोष सापडत नसेल तर मदत कशी मागावी?

‘गाडी ओढत नाही’ एवढे कळवल्यास आम्हाला उत्तर देता येत नाही. दोष थंड इंजिनावर येतो की गरम, चढावर की सपाटीवर, चोक ओढल्यावर सुधारतो की बिघडतो, आणि त्याआधी शेवटचे कोणते काम झाले होते, एवढे लिहावे. चारही प्लगच्या टोकांची छायाचित्रे सिलिंडरच्या क्रमाने पाठवावीत. शेवटच्या कामाचा उल्लेख लाजून गाळू नये, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच असतो.